काचेच्या बशीतलं यकृत

"म्हंजे माझं काळीज काढून घेनार तुमी?"

नाना तोडणकर हॉस्पिटलच्या खाटेवर मांडी घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं आणि मी त्यांच्यापुढे संमतीचा कागद घेऊन उभी होते.

"काळीज नाही नाना, यकृत. लिव्हर."

"तेच की. मटनवाला काळीज म्हनून देतो, ते लिव्हरच असतंय."

त्यांचं बरोबर होतं. आपल्या बोलण्यात काळीज तुटतं, पिळवटतं, सुपाएवढं होतं तेव्हा ते हृदय असतं आणि खाटकाकडे गेलं की यकृत होतं. संमती घ्यायला गेले की या एका शब्दाशी माझी दरवेळी झटापट व्हायची. मी त्यांच्या बरगडीखाली बोट दाखवून सांगितलं, की आतड्यातला कॅन्सर यकृताच्या एका कोपऱ्यात पसरलाय, सर्जन तो कोपरा कापणार आहेत. गाठीभोवतीचा चांगला भागही थोडा कापावा लागतो. तपासणीला लागेल तेवढा ठेवून उरलेला एरवी टाकून देतात. तो आम्हाला हवा होता.

"काय करनार त्याचं?"

"पेशी सुट्या करणार, काचेच्या बशीत जगवणार. आणि मग त्यांच्यावर काविळीचा विषाणू सोडणार."

खाटेच्या पायथ्याशी त्यांची बायको, सुनंदाकाकू, मोसंबी सोलत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"कंची कावीळ, बाय?"

"बी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नानांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली. मला वाटलं, काय उदार माणूस आहे. खरं कारण मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत आयुष्यभर पेशी वाढवल्या. माझं माहेर रेवसजवळ. आठवडाभर मुंबईत आणि शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने घरी, असा माझा क्रम होता. आमच्या प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे नुसतं मॅडम म्हणायचो, त्या रायगडकडचा रुग्ण आला की हटकून मलाच पाठवायच्या. "तू तिकडची आहेस, तुझ्याशी बोलतील." बोलायचेही. वाडीतल्या सुपारीचं, मासळीचं, एसटीच्या वेळांचं बोलून झालं की मग यकृताकडे गाडी यायची.

नाना दिवेआगरचे. नारळ-सुपारीची वाडी होती, ती वादळात जवळजवळ सगळी आडवी झाली. सुपारी लावली की फळ यायला वर्षं जातात, तोवर खायचं काय? म्हणून त्यांनी घराच्या मागच्या बाजूला खोल्या काढून पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय सुरू केली होती. मुलगा महेश रोह्याला कारखान्यात. घरचा स्वयंपाक सून करायची. "सुनेच्या हातचे मोदक खायला लोक पुन्ना पुन्ना येतात," एवढंच काकू त्या दिवशी म्हणाल्या आणि विषय बदलला.

आता आमचा धंदा सांगते. यकृताच्या पेशी दोन प्रकारच्या मिळतात. एक म्हणजे गाठीपासून बनवलेल्या. कोणा परदेशी मुलाच्या यकृतातल्या कॅन्सरच्या पेशी कित्येक वर्षांपूर्वी कोणीतरी बशीत वाढवल्या, त्या आजही जगभर वाढताहेत. त्यांना गुलाबी रंगाचं पोषक पाणी द्या, ऊब द्या, त्या दुपटीने वाढतच राहतात. पण यकृताची कामं त्या पुष्कळशी विसरलेल्या असतात. खऱ्या यकृतपेशीला पित्तातले क्षार आत घेण्यासाठी एक दार असतं. बी काविळीचा विषाणू नेमका त्याच दाराला चिकटून आत शिरतो. या विसराळू पेशींमध्ये ते दारच जवळपास नाहीसं झालेलं. आमच्या आधीच्या लोकांनी वर्षानुवर्षं त्यांच्यावर विषाणू ओतला आणि तो बाहेर नुसता तरंगत राहिला. दार कुठलं हे कळल्यावर त्याची जनुकं पेशीत घालून ते पुन्हा बसवता आलं. त्याने काम पुष्कळ पुढे गेलं, पण मॅडमना कायम शंका असायची. बसवलेल्या दारावर चाललेलं औषध खऱ्या दारावर चालेल का?

त्यासाठी लागतात दुसऱ्या प्रकारच्या पेशी. जिवंत माणसाच्या, ताज्या, खऱ्या. आणि त्या फार नखरेल. ऑपरेशन थिएटरमधून तुकडा बर्फात ठेवून आणायचा. त्याच्या कापलेल्या कडेवर शिरांची तोंडं दिसतात, त्यांत बारीक नळ्या खुपसून कोमट द्रावण आत सोडायचं. आधी रक्त धुवून निघतं आणि तपकिरी तुकडा फिका पडतो. मग पेशींना एकत्र धरून ठेवणारा चिकटा विरघळवणारं द्रावण. तुकडा बोटांना मऊ लागला की थांबायचं. थोडं आधी थांबलात तर पेशी सुटत नाहीत, थोडं नंतर थांबलात तर सुटलेल्या पेशी मेलेल्या असतात. हे बोटांनाच कळतं. पुस्तकात लिहून ठेवता येत नाही, आणि मी तरी कोणाला नीट शिकवू शकले नाही.

माझा स्वभाव मुळात अस्वस्थ. माझी आई म्हणायची, ही चुलीपुढे बसली तर भातसुद्धा चारदा ढवळेल. पेशींना ते चालत नाही. बशी इन्क्युबेटरमध्ये ठेवली की तिला तिच्यावर सोडायचं. मी मात्र बाहेरचं दार किंचित उघडून आतल्या काचेतून बघत राहायचे आणि मॅडम पाठीमागून म्हणायच्या, "विजया, त्यांना झोपू दे."

नानांच्या आधी आलेले बरेच तुकडे वाया गेले होते. एका यकृतात इतकी चरबी, की पेशी पाण्यावर तरंगल्या. एकदा पेशी छान बसल्या आणि भलत्याच कुठल्यातरी बुरशीने सगळं गढूळ केलं. मी इतकी वैतागले होते, की नानांचा डबा आला तेव्हा झाकण उघडायलाच मन घेईना. पण तुकडा सुरेख होता. गुळगुळीत, एकसारख्या रंगाचा. बोटांखाली तो हळूहळू मऊ झाला. चिमट्याने सालासारखा पापुद्रा फाडून हलवला, तशा पेशी तांदळाच्या धुवणासारख्या खाली उतरल्या. संध्याकाळपर्यंत त्या बशीच्या तळाला चिकटल्या आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली फरशी बसवल्यासारख्या एकमेकींना लागून बसलेल्या दिसल्या. काहींत दोन दोन केंद्रकं. खऱ्या यकृताचं ते लक्षण. मी मॅडमना हाक मारली. त्यांनी बघून माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग विषाणू. तो पेशींवर नुसता ओतून भागत नाही. पेशींजवळ दाटी व्हावी म्हणून त्यात एक चिकटसर रसायन घालावं लागतं. पेशींनी आपण यकृत आहोत हे विसरू नये म्हणून आणखी एक. ठरल्या वेळी सगळं धुवून काढायचं आणि मग थांबायचं. बाहेरून काहीही दिसत नाही. हा विषाणू पेशीला मारत नाही. आत जातो, केंद्रकात पोचतो, तिथे स्वतःचं एक छोटं कडं बनवून बसतो आणि त्या कड्यावरून प्रती काढत राहतो. पेशी पूर्वीसारखीच दिसते. माझ्यासारखीला तो काळ अगदी असह्य. रोज वरचं पाणी तपासायचं, विषाणूचं प्रथिन दिसतंय का.

दिसलं. नानांच्या पेशींनी विषाणू घेतला होता. शेवटी बशी रंगवून पाहिली तेव्हा निळ्या केंद्रकांच्या मधे जागोजागी हिरव्या पेशी उजळल्या होत्या. दार अडवणारं एक नवं औषध आम्ही तपासत होतो. ज्या बश्यांत ते आधी घातलं होतं, तिथे हिरवं जवळजवळ नव्हतंच. मॅडमची शंका त्या दिवशी फिटली. पुढे दुसऱ्या माणसांच्या पेशींवरही ते तसंच ठरलं.

थोड्या दिवसांनी नानांचा फोन आला. "बाई, माझं काळीज जिता हाय का अजून?"

"त्या पेशींचं काम संपलं, नाना. पण त्यांच्या रंगवलेल्या काचा आहेत."

"मला बगायच्यात. पुडल्या तपासनीला येतोय तवा येतो."

असं कोणी कधी मागितलं नव्हतं. आमच्याकडे नमुन्यावर नाव नसतं, आकडा असतो. मॅडमनी संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीला विचारलं. देणाऱ्यालाच बघायचं असेल तर हरकत नाही, मात्र विषाणूच्या खोलीत पाऊल नको, असं उत्तर आलं. मी बाहेरच्या खोलीत सूक्ष्मदर्शक पडद्याला जोडून ठेवला.

नाना आले ते काकूंना घेऊन. अंगाने निम्मे झाले होते, पण उत्साहात होते. मी बत्ती लावली. पडद्यावर निळे ठिपके आणि मधेमधे हिरवे.

"हे सगळे माझे?"

"सगळे तुमचे. निळं ते पेशीचं केंद्रक. हिरवं दिसतंय, तिथे विषाणू शिरलाय."

नाना बराच वेळ बघत राहिले. मग एकदम बायकोकडे वळले. "बघ. नीट बघ तू."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की स्वतःचं यकृत बघायला हा माणूस आलाच नव्हता. त्याला ते बायकोला दाखवायचं होतं.

मग सगळं बाहेर पडलं. सून सुप्रिया गरोदर राहिली आणि पहिल्याच तपासणीत तिला बी कावीळ निघाली. तिला स्वतःला काही होत नव्हतं. बहुधा तिच्या आईकडून जन्मतःच आली असावी. महेशची तपासणी स्वच्छ आली, त्याने लशीही घेतल्या. पण काकूंनी आधी सुनेचं ताट वेगळं केलं, मग टॉवेल, मग तिला चुलीपासून उठवलं. पाहुण्यांना कळलं तर खोल्या रिकाम्या पडतील, ही धास्ती. शेवटी तिला मुरुडला माहेरी पाठवली. नानांना ते पटलं नव्हतं, पण घरात त्यांचं चालत नव्हतं. हॉस्पिटलात मी ‘बी’ म्हटल्यावर त्यांनी सही केली ती यासाठी.

काकू पडद्याकडे बघत होत्या. "हे असं तिच्या पोटात हाय?"

"हो. पण ती आजारी नाहीये, काकू."

"आन ह्ये ताटातनं जात न्हाय?"

"नाही. जेवणातून नाही, पाण्यातून नाही, जवळ बसल्याने नाही. ती कावीळ वेगळी, ए आणि ई."

नाना हसले. "बाई, सांगा हिला, तुमाला ह्ये हिरवं करायला किती मरमर करायला लागली." मी रसायनांचं, धुण्याचं, वाया गेलेल्या तुकड्यांचं सांगितलं. त्यांनी गुडघ्यावर हात मारला. "आईकलंस? ह्यांनी येवडा विषानू ओतला, वर रसायन घातलं, तरी सगळं हिरवं न्हाय झालं. आन तुला भाकरीतनं लागनार?"

काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण ढिला झाला. मी तिथेच गप्प बसले असते तर सगळ्यांचं भलंच झालं असतं, असं त्या क्षणी वाटलं. निष्कर्ष बरोबर होता. कारण चुकीचं होतं.

"नाना, तसं नाही," मी म्हटलं. "बशीत आम्हाला कठीण जातं, ती आमची अडचण. शरीरात रक्तातून गेला तर थोडासाही पुरतो. रक्त त्याला थेट यकृतात नेऊन सोडतं. ताटातून जात नाही हे आम्हाला माणसांकडे बघून कळलंय. एका घरात, एका पंगतीत वर्षानुवर्षं राहिलेली माणसं. या बशीवरून नाही."

नाना माझ्याकडे असे बघू लागले, की जणू मी त्यांच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेतलंय. "बाई, अर्दं सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

काकू मात्र पुढे सरकल्या. "रगतातनं जातो म्हनालात ना?"

"हो."

"मग बाळतपनात? प्वाराला?"

"जातो. बहुतेक वेळा जन्म होतानाच जातो. आणि इतक्या लहानपणी गेला की सहसा आयुष्यभर राहतो."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मी घाईघाईने सांगितलं, की त्याला उपाय आहे. जन्मल्यावर काही तासांत लस, आणि तिच्याबरोबर तयार प्रतिपिंडांचं एक इंजेक्शन. विषाणू यकृताच्या दाराशी पोचण्याआधी रक्तातच त्याला गाठायचं. शिवाय आईच्या रक्तात विषाणू फार असेल तर शेवटच्या महिन्यांत तिला गोळ्या. "तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच."

काकूंची मान खाली गेली. नानांनीच विचारलं, "काय गं?"

"मीच म्हनले होते तिच्या आयशीला," काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. "बाळतपनाला दुसऱ्या दवाखान्यात नाव घाला. आन पैला रिपोर्ट दाखवू नका. उगाच गावभर होईल."

सुप्रियाला आठवा महिना होता.

नवीन दवाखान्यातही तपासणी केली असती कदाचित. कदाचित कळा सुरू झाल्यावर केली असती. पण ते दुसरं इंजेक्शन प्रत्येक ठिकाणी फ्रिजमध्ये तयार नसतं आणि मुरुडहून ऐनवेळी आणायचं कुठून? नानांचा राग एव्हाना कुठल्या कुठे गेला होता. आम्ही तिघं तशीच उठून हॉस्पिटलच्या यकृताच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मुरुडच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, सुप्रियाच्या रक्ताची तपासणी आणि गोळ्यांचं ठरवलं आणि इंजेक्शन लिहून दिलं. समोरच्या दुकानात ते मिळालं.

नाना थकले होते, म्हणून ते मुंबईतल्या पुतण्याकडे थांबले. काकू म्हणाल्या, मी दिवेआगरला जात न्हाय, सरळ मुरुडला जाते. मी आमच्या प्रयोगशाळेतला थर्माकोलचा डबा काढला, थंड पिशव्या ठेवल्या, मधे जाड कापडाची घडी. "बर्फाला टेकू द्यायचं नाही. गोठलं तर वाया गेलं. आणि उन्हात ठेवायचं नाही."

मी त्यांच्याबरोबर धक्क्यापर्यंत गेले आणि मग लाँचमध्येही चढले. एकटीने तिथे मागे राहून मला चैन पडलं नसतं. वारा सुटला होता आणि लाँच चांगलीच डुचमळत होती. काकूंनी डबा मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरला होता. मी तीनदा झाकण उघडून बघितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाय, आता उगडू नको. ऊब जाईल आत." मी हात आखडून बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मी तिला चुलीवरनं उठवली. ती येईल का परत?" मला ते माहीत नव्हतं, आणि तसंच मी सांगितलं. रेवसला उतरून अलिबागची एसटी, तिथून मुरुडची. अलिबागच्या गाडीत त्या खिडकीत बसल्या, डबा तसाच मांडीवर. गाडी गेल्यावर मी उगाचच बराच वेळ स्टँडवर उभी होते.

सुप्रियाला मुलगी झाली. मुरुडच्या डॉक्टरांनी दोन्ही इंजेक्शनं वेळेत दिली. काकू बाळंतपणाआधीपासून तिथेच राहिल्या होत्या. महेशने फोनवर सांगितलं, की पहिले काही दिवस सुप्रिया सासूशी एक अक्षर बोलली नाही आणि काकू तिच्यापुढे ताट ठेवून तिच्याच ताटात जेवायला बसत. एकदा ती चिडून म्हणाली, "आता नाटक कशाला?" तरी काकू उठल्या नाहीत.

नानांचा आजार पुन्हा उलटला. ते गेले तेव्हा नात जेमतेम बसायला लागली होती. तिची रक्ततपासणी वर्ष उलटल्यावर करतात, ती बघायला ते राहिले नाहीत. रिपोर्ट आला तेव्हा काकूंनी मला फोन केला आणि कागदावरची अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. विषाणू नाही. संरक्षण आहे. दोनदा वाचायला लावलं मी त्यांना.

यंदा मी निवृत्त झाले आणि पहिल्यांदाच दिवेआगरला त्यांच्याकडे राहायला गेले. खोल्या भरलेल्या होत्या. वाडीत नव्या सुपाऱ्या कमरेच्या वर आल्या होत्या. सुप्रिया स्वयंपाकघरात मोदकांची उकड मळत होती, काकू खोबरं खवत होत्या आणि मुलगी दोघींच्या मधे लुडबुडत होती. मला पाटावर बसवून सुप्रियाने चहा दिला. त्या घरात मी कोण हे तिला पूर्ण माहीत होतं.

काकू पाहुण्यांना पाणी द्यायला बाहेर गेल्या, तेव्हा तिने हात न थांबवता विचारलं, "ताई, माझ्यातनं तो कधी जाईल?"

मी तिला केंद्रकातल्या त्या कड्याबद्दल सांगितलं. गोळ्यांनी प्रती काढणं दाबता येतं, यकृत सांभाळता येतं. नवीन पेशीत शिरायचं दार अडवता येतं. पण जे कडं आधीच आत जाऊन बसलंय, ते भरवशाने काढून टाकणारं औषध अजून कोणाकडे नाही. शोधताहेत, पुष्कळ लोक शोधताहेत.

"म्हणजे काम अर्धंच झालंय."

"हो."

तिने उकडीचा गोळा हातावर घेतला, पारी केली, सारण भरलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मग तुम्ही रिटायर कशाला झालात?"

ती थट्टा करत नव्हती. वय झालं, नियम आहे, असं काहीतरी मी म्हणायला गेले आणि ते वाक्य मलाच पोकळ वाटलं. तिने मोदक तोंडाशी मुरडून बंद केला आणि चाळणीत ठेवला.

मी चहा तसाच ठेवून मागच्या पडवीत गेले आणि मॅडमना फोन लावला. आठवड्यातून दोन दिवस येते म्हटलं, पोरांना तुकडा हाताळायला शिकवायला. बोटांना काय कळतं ते सांगता आलं नाही, तर त्यांचा हात हातात धरून दाखवेन.

मॅडम म्हणाल्या, "सोमवारी एक तुकडा येतोय. येशील?"